बार्बाडोसला सात दिवस: आधी किनारा ठरवा, मग ठिकाणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारं जोडपं, आठ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले आईबाबा, वयं ६४ आणि ६८. एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत सहा रात्री कॅरिबियनला जायचं आहे. आईबाबा शाकाहारी, आईचे गुडघे दुखतात, बाबा क्रिकेटवेडे. बार्बाडोस, सेंट लुशिया आणि ग्रेनाडा ही तिन्ही बेटं एकाच फेरीत उरकावीत का, सगळं खाणंपिणं धरून असलेलं रिसॉर्ट घ्यावं का, आणि बार्बाडोसमधली ‘चुकवू नयेत अशी दहा ठिकाणं’ कोणती, असं विचारलं आहे.

दहा ठिकाणांची यादी कुठेही मिळेल. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. पाच माणसं, तीन पिढ्या, एकाची पोहायची हौस आणि दुसऱ्याचे गुडघे, हे सगळं एका गाडीत आणि एका किनाऱ्यावर कसं बसवायचं? बार्बाडोसमध्ये सहल जमते की बिघडते ते दोन गोष्टींवर ठरतं: मुक्काम कोणत्या किनाऱ्याला आहे आणि फिरायचं कशाने. ही दोन उत्तरं नक्की झाली की ठिकाणं आपोआप ओळीत लागतात.

पण त्याआधी कागदपत्रं, कारण घोडं अडतं ते तिथेच. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. अडचण परतीच्या वाटेवर असते. तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर ‘कॅनडाला जाऊन आलो तेव्हा चाललं होतं’ हा हिशेब इथे लागू होत नाही. संपलेल्या शिक्क्यावर तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे. जवळच्या बेटांसाठी ती सवलत विद्यार्थ्यांना, म्हणजे एफ आणि जे व्हिसावाल्यांना मिळते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी दोघांचेही शिक्के उघडून तारखा बघा. आईबाबांचा बी-टू, म्हणजे पर्यटकांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, तेही बघा. शिवाय बेटावर आठवडा काढून आलं म्हणजे अमेरिकेत नव्याने सहा महिने मिळतात, असं धरून चालू नका. अधिकारी जुन्या आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्या नोंदीची, उरलेली मुदतच कायम ठेवू शकतो. त्यांचं भारतात परतायचं तिकीट त्या जुन्या मुदतीच्या आतलंच ठेवा.

हे उत्तर पुण्या-मुंबईहून थेट निघणारेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. लंडन, टोरांटो किंवा अमेरिकेतलं एखादं शहर मध्ये येतंच. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. लंडनला अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर बहुतेकांना विमानतळाच्या आत राहून विमान बदलता येतं. पण स्वस्त तिकिटात हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं उड्डाण असेल, तर तुम्ही इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडता आणि नियम बदलतात. तिकिटावर विमानतळाची नावं नीट वाचा. नुसतं ‘लंडन’ दिसलं म्हणून पैसे भरू नका.

बार्बाडोसमध्ये शिरण्यासाठी इमिग्रेशन आणि कस्टम्सचा फॉर्म प्रवासाआधी सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी जी संकेतस्थळं शोधात वर येतात, ती दलालांची.

आता तीन बेटं. नको. नकाशावर ती शेजारी-शेजारी दिसतात, पण बार्बाडोस त्या माळेच्या बाहेर, पूर्वेला अटलांटिकमध्ये एकटंच उभं आहे. सेंट लुशिया दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि मध्ये नियमित फेरी-बोट नाही. विमान छोटं असतं, वेळापत्रक ढिलं असतं, आणि प्रत्येक बेट म्हणजे वेगळा देश, वेगळी इमिग्रेशनची रांग, व्हिसाचे वेगळे नियम. उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं असलं तरी खोली सोडणं, विमानतळ, वाट बघणं, नवी खोली मिळणं यात आख्खा दिवस जातो. सहा रात्रींत असे दोन दिवस घालवायचे आणि आईला बॅगा आवरायला लावायच्या? एका आठवड्यात एक बेट, दहा-बारा दिवस असतील तर दोन. माझ्याकडचा हिशेब इतका साधा आहे.

मात्र कोणतं एक, हे तुम्हाला काय हवं आहे त्यावर ठरतं. धबधबे, गरम पाण्याची कुंडं, ज्वालामुखीचे सुळके हवे असतील तर सेंट लुशिया किंवा डॉमिनिका निवडा. बार्बाडोस ज्वालामुखीतून झालेलं बेट नाही. ते प्रवाळांच्या चुनखडीचं आहे, आणि सगळ्यांत उंच जागा, माउंट हिलबी, जेमतेम ३४० मीटर. उंच डोंगर नाहीत, पश्चिमेला माती वाहून आणणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत, म्हणून तिथलं समुद्राचं पाणी काचेसारखं आणि वाळू पांढरी. नळाचं पाणीही याच चुनखडीतून गाळून येतं आणि थेट प्यायला चालतं. बाटल्यांवर पैसे घालवू नका. तुमच्या कुटुंबाला सपाट चालणं, शांत पाणी, थोडा इतिहास आणि भरपूर क्रिकेट लागणार, तेव्हा बार्बाडोस ही तुमची निवड बरोबर आहे. न्यूयॉर्कहून थेट विमान पाच तासांच्या आत-बाहेर पोचवतं आणि एप्रिलमध्ये दोन्हीकडचं घड्याळ एकच असतं.

बेट किती लहान? ३४ किलोमीटर लांब, २३ रुंद, क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहून कमी. पण यावर ‘एका दिवसात सगळं बघून होईल’ असं समजू नका. विमानतळाकडून ब्रिजटाउनला वळसा घालून जाणारा एबीसी महामार्ग सोडला, तर इथले ‘हायवे’ म्हणजे उसाच्या शेतांतून जाणारे दुपदरी रस्ते. कडेला मोकळी पट्टी नाही, बऱ्याच ठिकाणी थेट खोल गटार. वीस किलोमीटरला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरा, आणि सकाळी शाळा-कचेऱ्यांच्या वेळी ब्रिजटाउनकडे जाणारी वाट टाळा.

आता किनारा. बार्बाडोसला तीन निरनिराळे समुद्र आहेत म्हटलं तरी चालेल.

पश्चिम किनारा कॅरिबियन समुद्राकडे तोंड करून आहे. पेन्स बे, होलटाउन, मलिन्स, वर स्पाइट्सटाउन. लाटा बारीक, वाळू लगेच खोल न जाणारी, कासवं चरायला किनाऱ्याजवळ येतात. महागडी हॉटेलं आणि बंगलेही इथेच. दक्षिण किनारा, म्हणजे हेस्टिंग्ज, वर्दिंग, डोव्हर, त्यापुढे ऑइस्टिन्स, वाऱ्याचा आणि थोड्या लाटांचा आहे. जागा स्वस्त, खाण्याची ठिकाणं भरपूर, बस दर पाच-दहा मिनिटांनी. वर्दिंगला पाण्यात प्रवाळाची भिंत असल्यामुळे आत उथळ तळं झालंय, लहान मुलांसाठी झकास. हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत समुद्राकाठाने दीड किलोमीटरची सपाट पायवाट आहे, गुडघेदुखीवाल्यांना संध्याकाळी फिरायला याहून चांगली जागा नाही. तिसरा पूर्व किनारा, बाथशिबा वगैरे. आफ्रिकेपासून मध्ये कुठेही जमीन नाही, त्यामुळे अटलांटिकच्या लाटा सरळ येऊन आदळतात. बघायला अफाट, पोहायला धोक्याचा. तिथे मुक्काम नको.

एरवी मध्यम खर्चाच्या कुटुंबाला मी दक्षिण किनारा सांगितला असता. तुमच्यासाठी पश्चिम सांगतोय, याचं कारण महिना. २०११ पासून कॅरिबियनमध्ये सरगॅसम नावाचं तपकिरी तरंगतं शेवाळ वसंतापासून ढिगांनी वाहून येतं. ते अटलांटिकच्या बाजूने येत असल्यामुळे पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर जास्त साचतं, कुजतं, आणि मग सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला असल्याने बराच सुटतो. दरवर्षी प्रमाण सारखं नसतं, तेव्हा जाण्याआधी आठवडाभर किनाऱ्यांचे ताजे फोटो बघा. पण एप्रिलमध्ये पैज लावायची तर पश्चिमेवर लावा. जानेवारीत जाणार असता तर उत्तर उलट असतं.

म्हणजे होलटाउन. तिथे चालत जाण्याच्या अंतरावर मोठं किराणा दुकान आहे, बसथांबा आहे आणि फोकस्टोनचं सागरी उद्यानही आहे. तोंडाला मास्क लावून किनाऱ्यावरूनच आत शिरलं तरी मुलाला मासे दिसतील.

रिसॉर्टचं म्हणाल तर सगळं धरून असलेलं पॅकेज घेऊ नका. तुमचे तीन दिवस तरी बाहेर जेवण होणार, म्हणजे दोनदा पैसे. आईबाबा दारू घेत नसतील तर पॅकेजच्या किमतीतला मोठा वाटा वायाच. आणि शाकाहारी माणसाला बुफेत तिसऱ्या दिवसापासून तोच पास्ता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, शक्यतो तळमजल्यावर. आरक्षण करताना एक प्रश्न हमखास विचारा: दाखवलेल्या भाड्यात कर, मुक्कामावरचं सरकारी शुल्क आणि सेवाशुल्क आहे का? हे तिन्ही नंतर चढतात, आणि बिल फुगतं ते इथेच.

खाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण शाकाहारी मंडळी फसतात ती नेमक्या एका पदार्थाने. ‘राइस अँड पीज’ मेनूवर दिसलं की वाटतं, झालं काम, हा तर वाटाणेभात. यातले ‘पीज’ बहुतेक वेळा आपली तूरच असते. पण बार्बाडोसमध्ये हा भात शिजवताना चवीला डुकराच्या खारवलेल्या शेपटीचा तुकडा टाकायची जुनी पद्धत आहे. वाढताना तो काढून ठेवतात, त्यामुळे ताटात काही दिसत नाही. ‘यात मांस आहे का’ असं विचारू नका, ‘नाही’ असंच उत्तर येईल. ‘शिजवताना पिगटेल किंवा सॉल्टमीट घातलं होतं का’ असं विचारा. बिनधोक पदार्थ म्हणजे मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), तळलेली केळी, भाजलेला नीरफणस, भोपळ्याचे गोडसर भजे. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला मऊ सांजा. तो स्वतः शाकाहारी, वरचा रस्सा माशाचा. उडणारा मासा आणि कू-कू हे तिथलं राष्ट्रीय जेवण. बटाट्याची किंवा हरभऱ्याची रोटी बऱ्याच ठिकाणी मिळते, शेजारच्या त्रिनिदादकडून आलेली. वरची पिवळी मिरचीची चटणी मात्र जपून. मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरची असते ती. कोल्हापुरी जीभ असली तरी पहिल्यांदा थेंबभरच.

रोटी मिळते म्हणून बाबांना वाटेल, इथेही त्रिनिदादसारखी ऊसमळ्यांवर आलेल्या मजुरांची वस्ती असणार. तसं नाही. त्रिनिदाद आणि गयानात भारतातून करारबद्ध मजूर नेले, बार्बाडोसला तशी गरज पडली नाही. इथले भारतीय बहुतांशी व्यापारासाठी पुढे आलेले, गुजराती त्यात ठळक. डाळ, तांदूळ, हळद-जिरं दुकानात मिळतं. न्यू जर्सीहून पाकिटबंद मसाला न्या, पण फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका. आणि जे नेताय ते कस्टम्सच्या फॉर्मवर लिहा.

विजेचं एक: दाब ११५ व्होल्ट, प्लग अमेरिकन. तुमचे चार्जर जसेच्या तसे चालतील. आईंनी भारतातून आणलेली २३० व्होल्टची छोटी किटली किंवा मिक्सर मात्र नुसता अडॅप्टर लावून धड चालणार नाही, किटलीत पाणी कोमट व्हायलाच अर्धा तास जाईल.

फिरण्यासाठी माझं गणित असं. सहाही दिवस गाडी घेऊ नका. वाहतूक डावीकडून आहे. तुम्ही आता उजवीकडून चालवता, आणि अरुंद रस्त्यावर पाच माणसांचं ओझं घेऊन पहिल्याच दिवशी ते बदलणं कठीण. गाडी फक्त दोन दिवस, तीही बेटाची सवय झाल्यावर. मूळ लायसन्स सोबत हवं, त्यावर पाहुण्यांसाठीचा परवाना भाड्याने गाडी देणाराच थोड्या पैशांत काढून देतो. भाड्याच्या गाड्यांच्या नंबरात आधी एच असतो, त्यामुळे लोक ओळखतात आणि सांभाळूनही घेतात. चौकांऐवजी गोल चक्कर भरपूर आहेत: आत फिरणाऱ्याला आधी वाट, आणि तो उजवीकडून येतो. अंधार पडायच्या आत परत या. एप्रिलमध्ये सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, आणि बेट मंगळुरूच्या अक्षांशावर असल्यामुळे संधिप्रकाश रेंगाळत नाही. चालवायचा धीर होत नसेल तर त्या दोन दिवसांना गाडीसह चालक घ्या. पाच जणांत वाटलं तर फार जड जात नाही, आणि वाटेतलं झाड न् झाड तो सांगतो.

बाकी दिवस बस. निळ्या सरकारी, निळ्या पट्ट्याच्या पिवळ्या खासगी, आणि पांढऱ्या व्हॅन, ज्यांना नंबरावरून ‘झेड-आर’ म्हणतात. भाडं अंतर कितीही असो साडेतीन बार्बेडियन डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, झेड-आरमध्ये मिळतात. थांब्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाउन. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. झेड-आरमध्ये गाणी कानठळ्या बसवणारी आणि माणसं कोंबलेली, मुलाला मजा येईल, आईंना नाही. टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवा आणि ‘कोणते डॉलर?’ हे विचारा. एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बेडियन, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. अमेरिकन नोटा सगळीकडे घेतात, सुटे बार्बेडियन देतात. पाटीवर नुसतं ‘४० डॉलर’ असेल तर ते चाळीस की वीस हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि गैरसमज नेहमी पैसे घेणाऱ्याच्या बाजूने होतो.

आता ठिकाणं, दोन गाडीचे दिवस धरून.

पहिला फेरा मध्य आणि पूर्वेचा. होलटाउनहून वीस-पंचवीस मिनिटांवर हॅरिसन्स केव्ह, चुनखडीच्या पोटातली मोठी गुहा. ट्राममध्ये बसून आत जाता येतं, साधारण तासाचा फेरा, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. छतावरून पाणी ठिबकतं, आत दमट उबारा असतो, स्वेटर नको, डोक्याला टोपी हवी. सकाळची पहिली वेळ आधी आरक्षित करा. एप्रिलपर्यंत क्रूझ जहाजांचा हंगाम असतो. बंदराचं जहाजांचं वेळापत्रक ऑनलाइन असतं. ज्या दिवशी तीन-चार जहाजं लागलेली असतील तो दिवस गुहेसाठी घेऊ नका, दहानंतर तिथे जत्रा होते. गुहेनंतर हंट्स गार्डन्स. जमीन खचून झालेल्या खोल खड्ड्यात लावलेली ही बाग आहे, ताडांच्या सावलीत खाली उतरायचं. इथे पायऱ्या ओबडधोबड. आईंनी वर बसावं, वरूनही बरंच दिसतं. तिथून बाथशिबाला दुपारचं जेवण. किनाऱ्यावर प्रवाळाचे प्रचंड खडक, पायथ्याशी लाटांनी खाल्लेले, अळंबीसारखे उभे. पाण्यात शिरायचं नाही, गुडघाभरसुद्धा. ओढ पायाखालची वाळू काढून घेते. ओहोटीच्या वेळी खडकांमध्ये डबकी तयार होतात, मुलाला तिथे बसवा. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा.

दुसरा फेरा उत्तरेचा. अॅनिमल फ्लॉवर केव्ह हे बेटाचं उत्तर टोक. समुद्राने पोखरलेली गुहा, पायऱ्यांनी खाली उतरायचं, आत नैसर्गिक कुंड आणि खिडकीसारख्या भोकांतून दिसणारा अटलांटिक. ‘अॅनिमल फ्लॉवर’ म्हणजे समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, स्पर्श झाला की मिटणारा. समुद्र खवळलेला असेल तर गुहा बंद ठेवतात, तेव्हा सकाळी फोन करून मगच निघा. वर कड्यावर खानावळ आहे, आईबाबा तिथे बसले तरी त्यांचं काही चुकलं असं होणार नाही. परतताना सेंट निकोलस अॅबी. नाव मठाचं, पण मठ कधीच नव्हता. १६५८च्या सुमाराचा ऊसमळेवाल्याचा वाडा आहे, अजून रम गाळतात, आणि आता छोटी आगगाडी आहे जी चेरी ट्री हिलपर्यंत जाते. टेकडीवर चेरीचं एकही झाड नाही, सगळी महोगनी. गाडीच्या वेळा मोजक्या, जागा आधी धरा. वाडा देखणा आहे, पण तो कोणाच्या घामावर उभा राहिला हे मुलाला सांगायचं असेल तर एबीसी महामार्गावरच्या चक्करीतला साखळ्या तोडणाऱ्या गुलामाचा पुतळा दाखवा. लोक त्याला ‘बसा’ (Bussa) म्हणतात, हे गुलामांच्या १८१६च्या उठावाच्या नेत्याचं नाव.

ब्रिजटाउनला बसने अर्धा दिवस. जुनं शहर आणि गॅरिसन, म्हणजे जुनी ब्रिटिश लष्करी छावणी, २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गॅरिसनमध्ये जुन्या लष्करी तुरुंगात संग्रहालय आहे, सावलीचं, दीड तास पुरे. मग बाबांसाठी केन्सिंग्टन ओव्हल. १९७१च्या पहिल्याच मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा काढल्या, त्यातलं नाबाद ११७ याच मैदानावर. कप्तान वाडेकर. २९ जून २०२४ला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना भारताने सात धावांनी जिंकला तोही इथेच. आणि १९६२ मध्ये ग्रिफिथचा चेंडू लागून नरी काँट्रॅक्टर कोसळले तेही इथेच. बाबांचं वय बघता पहिली गोष्ट त्यांनी रेडिओवर ऐकलेली असणार. सामना नसताना आत सोडतील की नाही हे त्या दिवसावर आहे, आधी विचारून जा. बाहेर सोबर्सचा पुतळा आहे, आणि जवळच बार्बाडोसच्या क्रिकेटपटूंचं छोटं संग्रहालय. तिथून कार्लाइल बेवर पाण्यात शिरा, शहराला खेटून असूनही पाणी स्वच्छ, आणि उथळ पाण्यात बुडालेली जुनी जहाजं.

कासवांसाठी कॅटमरानची, म्हणजे जोडतळाच्या शिडाच्या होडीची सहल घ्या, चार-पाच तासांची, जेवण धरून माणशी शंभर अमेरिकन डॉलरच्या पुढे. शाकाहारी जेवण आरक्षण करतानाच लिहून द्या. आईबाबा पाण्यात उतरणार नसतील तर त्यांच्यासाठी हा खर्च मला जास्त वाटतो. पेन्स बेहून काचेच्या तळाची होडी अर्ध्या पैशांत तेच दाखवते. कासवाला हात लावायचा नाही आणि खाऊ घालायचं नाही, होडीवाला स्वतः घालत असला तरी. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला मासे भाजण्याची जत्रा असते. सहाला जाऊन आठला निघा, नंतर गर्दी आणि आवाज वाढतो. आईंना माशांचा वास सोसत नसेल तर त्यांना नेऊच नका. ईस्टर तुमच्या आठवड्यात येत असेल तर गुड फ्रायडेला दुकानं बंद असतात, गुरुवारी किराणा भरून ठेवा. २८ एप्रिललाही राष्ट्रीय सुट्टी असते.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र आधीपासून लक्षात ठेवायच्या. त्याच्या बॅगेत सैनिकी ठिपक्यांची चड्डी, टोपी किंवा दप्तर असेल तर काढून ठेवा. बार्बाडोसमध्ये सैन्याबाहेरच्या कोणालाही तसे कपडे घालायला कायद्याने मनाई आहे, लहान मुलांनासुद्धा, आणि विमानतळावरच अडवतात.

दुसरी गोष्ट मँचिनील. पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या काठाने हे झाड उभं असतं, चकचकीत हिरव्या पानांचं, सावली गार. खाली पडलेली फळं छोट्या पेरूसारखी, पिवळट हिरवी, वासाला गोड. फळ चावलं तर तोंड आणि घसा भाजून सुजतो, चीक लागला तर कातडीवर फोड येतात. पावसात त्याखाली उभं राहिलं तर पानांवरून ओघळणारं पाणीही पुरतं. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळ्यांवर नाही. शेजारीच सी-ग्रेपची झुडपं असतात, गोल, थाळीएवढ्या पानांची, लाल शिरांची. ती निरुपद्रवी. पहिल्या दिवशी मुलाला दोन्ही पानं लांबून दाखवा: गोल पान चालेल, टोकदार पान नाही, आणि वाळूवर पडलेलं कोणतंही फळ उचलायचं नाही. चुकून चीक लागलाच तर साबणाने भरपूर धुवा, डोळे चोळू देऊ नका आणि थेट डॉक्टर गाठा.

विमा आईबाबांसाठी वेगळा काढा, आणि त्यात आधीपासूनचे आजार आणि वैद्यकीय कारणाने विमानाने हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा. त्यांचा अमेरिकेतला प्रवासी विमा बार्बाडोसला लागू होतोच असं नाही. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे एप्रिलमध्ये ती चिंता नाही. जून-जुलैवर ढकलायचा विचार कोणी सुचवला तर आठवा: विश्वचषक जिंकल्यानंतर भारतीय संघ बेरिल वादळामुळे विमानतळ बंद पडून तिथेच अडकला होता. त्यांच्यासाठी खास विमान आलं. आपल्यासाठी येत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी शिक्के आणि आय-९४, मग विमान, मग होलटाउनचं अपार्टमेंट, मग दोन दिवसांची गाडी. गुहेची पहिली वेळ, अॅबीची आगगाडी आणि कॅटमरान या तिन्हींचं आरक्षण महिनाभर आधी करा, बाकी काही आधी ठरवू नका. गाडीचे दिवस तिसरा आणि पाचवा घ्या, म्हणजे मध्ये एक दिवस नुसता पाण्याचा मिळेल. परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर घरमालकाला आधीच विचारून ठेवा, बॅगा कुठे ठेवता येतील आणि अंगावरची वाळू धुवायला बाहेर नळ आहे का.